लेखकांची प्रेमप्रकरणं पडद्यावर आणताना: आधी कागद कोणाचा ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एक कवी, त्याची कथालेखिका मैत्रीण आणि कवीची पत्नी, असं तिघांचं खरं घडलेलं प्रकरण. तिघंही आज हयात नाहीत. कवीचं आत्मकथन आहे, कथालेखिकेची पत्रं छापून आली आहेत, पत्नीनं लिहिलेलं काहीच मागे उरलेलं नाही. तुम्हाला फिलिप कॉफमनचा 'हेन्री अँड जून' फार आवडलाय आणि त्याच घाटाची मराठी पटकथा करायची आहे. गोष्ट कोणाच्या बाजूनं सांगावी, लिहिण्याची क्रिया पडद्यावर कशी आणावी आणि कुटुंबाची परवानगी लागते का, असे तीन प्रश्न तुम्ही विचारलेत. मी पटकथा लिहिते, पण त्याहून जास्त वेळ इतरांच्या पटकथा वाचून सल्ला देण्यात जातो, आणि लेखकांवरचे चरित्रपट माझ्या टेबलावर सारखे येत असतात. तेव्हा जरा ऐसपैस लिहिते.

पहिल्याचं उत्तर तुमच्याच वर्णनात आहे. जिचं काही छापलेलं नाही, तिच्यापासून सुरुवात करा. तिलाच नायिका करा असं मी म्हणत नाही. पण कुठलाही प्रसंग लिहायला घेतलात की त्या वेळी ती कुठे होती, तिला काय माहीत होतं आणि घर कोणाच्या पैशावर चालत होतं, एवढं आधी शोधा. लेखकांच्या भानगडींवरचे सिनेमे बहुतेक वेळा इथेच फसतात. ज्यानं लिहून ठेवलं त्याची बाजू आयती हाती येते, तीही घोटीव वाक्यांसकट, आणि पटकथाकार हुरळतो. लेखक मंडळी आयुष्यभर स्वतःचीच वकिली करत असतात. त्यांच्या कागदावर विसंबून सिनेमा केला की आपण त्यांचे कारकून होतो.

'हेन्री अँड जून'मध्ये हा पेच अगदी उघड्यावर आहे. सिनेमा १९९०चा, पटकथा फिलिप आणि रोझ कॉफमन या नवरा-बायकोची. काळ १९३१-३२, जागा पॅरिस आणि त्याच्या जवळचं लूव्हसिएन हे गाव. हेन्री मिलर चाळिशीचा, कफल्लक, तोवर एकही पुस्तक नावावर नसलेला अमेरिकन. अनाइस निन अठ्ठावीस वर्षांची, बँकेत चांगल्या हुद्द्यावर असलेल्या ह्यू गायलरची बायको. त्याला सगळे ह्यूगो म्हणत. जून ही मिलरची दुसरी बायको, न्यूयॉर्कहून अधूनमधून येऊन थडकणारी. अनाइस जूनवर भाळते, पुढे हेन्रीशी तिचं प्रकरण सुरू होतं, आणि हे सगळं दिवसागणिक तिच्या रोजनिशीत उतरत जातं.

आता या एकाच वर्षाची किती रूपं छापली गेली ते बघा. अनाइसच्या रोजनिशीचा पहिला खंड १९६६ साली आला. त्यात नवरा नाहीच! ह्यूगोनं स्वतःच आपलं नाव गाळायला सांगितलं होतं. त्यामुळे तो खंड वाचताना एक बाई पॅरिसजवळच्या प्रशस्त घरात राहते, लेखकांना जेवू घालते, मनासारखं फिरते, आणि हे सगळं चालतं कशावर, याचा पत्ता लागत नाही. अनाइस १९७७मध्ये गेली, ह्यूगो १९८५मध्ये. त्यानंतर १९८६ साली त्याच काळातला गाळलेला मजकूर 'हेन्री अँड जून' या नावानं पुस्तकरूपात आला. तो प्रकाशात आणणारा रूपर्ट पोल हा अनाइसचा दुसरा नवरा, आणि ते लग्न तिनं पहिल्याला सोडचिठ्ठी न देता केलेलं. (यावर वेगळा सिनेमा होऊ शकतो. तुम्ही तिकडे वळू नका.) मिलरनं आपली बाजू कादंबऱ्यांतून मांडली. १९३४ साली पॅरिसमध्ये छापलेल्या 'ट्रॉपिक ऑफ कॅन्सर'मधली मोना म्हणजे जूनच, आणि पुढे त्याच नात्यावर त्यानं तीन खंडांची कादंबरी लिहिली.

जूनची बाजू? नाही. म्हणजे एक गंमत आहे. न्यूयॉर्कमध्ये असताना जूनचा एक पैसेवाला चाहता तिला कादंबरी लिहिण्यासाठी पैसे देत होता. पानं मिलर लिहायचा आणि ती जूनची म्हणून त्या गृहस्थाला दाखवली जायची. त्या पैशातून दोघं १९२८ साली युरोपला जाऊन आले. ती कादंबरी पुढे १९९२ साली छापली गेली, तीही अर्थातच मिलरच्या नावानं. मिलरनं पगाराची नोकरी सोडून लेखक व्हावं म्हणून त्याच्या मागे लागलेली, तो लिहीत बसला असताना खर्च भागवणारी बाई हीच. आणि तिच्याविषयी आपल्याला जे काही माहीत आहे, त्यातलं बहुतेक तिच्या नवऱ्यानं किंवा नवऱ्याच्या मैत्रिणीनं लिहिलेलं आहे.

सिनेमाच्या नावातच हे दिसतं. नावात हेन्री आहे, जून आहे. बघणारी आणि लिहिणारी अनाइस नावाबाहेर. तुम्हाला हा घाट आवडला असेल तर त्याचं हे मर्म ध्यानात घ्या: एक बाई दोघांकडे बघते आहे आणि तिच्या बघण्यावर किती विश्वास ठेवायचा ते प्रेक्षकानं ठरवायचं आहे. अनाइस झालेल्या मारिया द मेदेइरोसचे मोठाले डोळे कॉफमननं त्यासाठीच वापरले आहेत. ती खोलीत असते, ऐकते, टिपून घेते. उमा थर्मनची जून आली की तो तोल ढळतो. कागदावर न मावणारं काहीतरी खोलीत शिरतं, आणि दोन्ही लिहिणारी माणसं तिच्यापुढे थोडी खुजी वाटायला लागतात. हा त्या सिनेमातला सगळ्यात प्रामाणिक भाग आहे असं मला वाटतं.

बाकी सिनेमाशी माझं भांडण आहे. पॅरिस फार नटवलंय. रात्रीचे फोटो काढत हिंडणारा ब्रासाई, वेश्यालयं, रस्त्यावरचे जल्लोष, सगळं फिलिप रुसेलोच्या कॅमेऱ्यातून इतकं देखणं दिसतं की मिलरची उपासमारसुद्धा हौसेची वाटते. छायाचित्रणाला ऑस्करचं नामांकन मिळालं ते योग्यच, पण त्याच देखणेपणानं गरिबी गिळून टाकली. आणि त्या काळी चर्चा झाली ती तिसऱ्याच गोष्टीची. अमेरिकेत सतरा वर्षांखालच्या मुलांना पूर्ण बंदी घालणारं 'एनसी-१७' हे नवं प्रमाणपत्र तेव्हा नुकतं आलं होतं, आणि ते घेऊन प्रदर्शित झालेला हा पहिला सिनेमा. लोक शृंगाराचे प्रसंग मोजत बसले. तुमच्याही बाबतीत हे होईल, म्हणून आत्ताच सांगते: शय्येवरचे प्रसंग लिहायला सोपे असतात आणि त्यातून कथा फारशी हलत नाही. दोन माणसं एकमेकांकडे ओढली गेली आहेत हे प्रेक्षकाला तिकीट काढतानाच ठाऊक असतं.

कथा पैशानं हलते. कॉफमननं यातलं थोडंच घेतलं, पण हकिगत बघा. ह्यूगोचा बँकेतला पगार अनाइसच्या हातात येतो, तिथून मिलरच्या खोलीचं भाडं आणि जेवण निघतं, त्या खोलीत बसून मिलर त्याचं पहिलं पुस्तक लिहितो, आणि ते छापण्याचा खर्च अनाइस उसने पैसे काढून भरते. ज्या माणसाचा संसार उसवतो आहे त्याचाच पगार त्या उसवण्यातून होणाऱ्या पुस्तकाला पोसतो. ह्यूगोला यातलं किती माहीत होतं? एवढा एक प्रश्न धरला तरी पूर्ण सिनेमा उभा राहतो. रिचर्ड ई. ग्रँटनं ह्यूगो केलाय, आणि त्याला हाताशी फार थोडे प्रसंग असूनही तो मनात राहतो. तुमच्या कवीला नोकरी होती का? मैत्रिणीला भेटायला जायचं रेल्वेचं भाडं कुठून यायचं? दिवाळी अंकाचं मानधन मनीऑर्डरनं घरी येई तेव्हा त्यावर सही कोण करायचं? हे शोधा. या तपशिलांतून कवीची पत्नी आपोआप उभी राहील.

दुसरा प्रश्न, लिहिणं कसं दाखवायचं. दाखवूच नका. टाकावर किंवा टाइपरायटरवर रोखलेला कॅमेरा, चुरगाळलेले कागद, खिडकीबाहेर बघणारा कवी आणि मागून त्याच्याच आवाजात कविता, हे इतकं वापरून झालंय की प्रेक्षक मोबाइल काढतो. लिहिण्यात बघण्यासारखं काही नसतं. वाचण्यात असतं, विशेषतः माणूस स्वतःबद्दल लिहिलेलं वाचत असतो तेव्हा.

'हेन्री अँड जून'मध्ये जून मिलरचं हस्तलिखित वाचते आणि खवळते, ही मी नव्हेच म्हणून. माझ्या लेखी सगळा सिनेमा या प्रसंगासाठी आहे. त्यात काय काय एकवटलंय बघा. तिनं ज्या पुस्तकासाठी वर्षानुवर्षं पैसे जमवले ते पुस्तक अखेर तिच्या हातात आहे. ते तिच्यावरच आहे. आणि त्यातली बाई तिला परकी, विद्रूप वाटते. मिलरला तिची दाद हवी आहे. लेखक माणूस, बायको दुखावली तरी आधी 'जमलंय का' हेच विचारणार! तिला माफी हवी आहे. दोघं एकाच कागदाबद्दल बोलताहेत आणि मागणी वेगवेगळी आहे. संवाद लिहायला याहून चांगली जमीन मिळत नाही. शिवाय प्रेक्षकाला माहीत असतं की खोलीत नसलेल्या अनाइसनंही जूनला कागदावर उतरवून ठेवलंय, आणि तो कागद जूननं वाचलेला नाही.

वाचकाच्या बाजूनं लिहिण्याचा उत्तम नमुना म्हणजे जेन कॅम्पियनचा 'ब्राइट स्टार', २००९चा. इंग्रज कवी जॉन कीट्स आणि त्याची प्रेयसी फॅनी ब्रॉन यांची गोष्ट. इथेही कागदाची तीच गत. कीट्सनं फॅनीला लिहिलेली पत्रं १८७८ साली छापली गेली आणि वाचकांनी तिलाच नावं ठेवली: थिल्लर पोरगी, कवीची लायकी न कळलेली. फॅनीनं कीट्सला लिहिलेली पत्रं मात्र नाहीत. रोममध्ये शेवटच्या दिवसांत आलेली तिची पत्रं उघडून वाचण्याची त्याला हिंमत झाली नाही. ती न फोडताच त्याच्याबरोबर पुरली. कीट्स गेला २३ फेब्रुवारी १८२१ रोजी, पंचविसाव्या वर्षी. सगळा कागद एकतर्फी.

कॅम्पियननं काय केलं? सिनेमा फॅनीच्या हातात दिला. पहिलीच चौकट सुईची, कापडातून आरपार जाणाऱ्या सुईचा इतका जवळून घेतलेला शॉट की धाग्याचे तंतू मोजता यावेत. फॅनी शिवणकाम करते, स्वतःचे कपडे स्वतः बेतते, त्याचा तिला अभिमान आहे, आणि कीट्सचा मित्र चार्ल्स ब्राउन तिची त्यावरून टवाळी करतो. एक माणूस शब्दांचं काम करतो, दुसरी कापडाचं. पडद्यावर मात्र कापडाचं दिसतं, शब्दांचं दिसत नाही. मग सिनेमा आपसूक तिच्याकडे झुकतो, मुद्दाम बाजू घ्यावी लागत नाही.

यातला एक प्रसंग मी नवख्या पटकथाकारांना उलगडून दाखवत असते. जुलै १८१९मध्ये कीट्स आइल ऑफ वाइटवरून फॅनीला लिहितो की आपण फुलपाखरं असतो आणि उन्हाळ्याचे तीनच दिवस जगलो असतो तर बरं झालं असतं. नेहमीचा पटकथाकार ही ओळ नायकाच्या आवाजात ऐकवेल, वर सतार किंवा व्हायोलिन. कॅम्पियनच्या सिनेमात फॅनी आणि तिची भावंडं खरोखर फुलपाखरं पकडतात आणि तिची खोली त्यांनी भरून टाकतात. खिडकीच्या पडद्यांवर, पलंगावर, भिंतीवर फुलपाखरं. पुढे कीट्सची पत्रं यायची थांबतात आणि ती मरून पडतात, झाडूनं गोळा करावी लागतात. पत्रातलं एक वाक्य, त्याची आधी एक कृती झाली, मग तिचा परिणाम झाला, मग घरातल्या कोणालातरी तो कचरा भरावा लागला. इथपर्यंत नेता आलं तर पत्राचा उपयोग. नाहीतर पत्र पुस्तकातच वाचलेलं बरं.

त्याच सिनेमातली भिंतही बघून ठेवा. हॅम्पस्टेडमधलं वेंटवर्थ प्लेस हे घर दोन भागांत विभागलेलं होतं. १८१९च्या वसंतापासून एका भागात कीट्स आणि ब्राउन, दुसऱ्यात फॅनीचं कुटुंब. ही नोंदलेली गोष्ट आहे. कॅम्पियननं तिचा उपयोग असा केला की दोघं भिंतीच्या दोन बाजूंना पडून आहेत आणि मधल्या भिंतीवर हात टेकवताहेत. वास्तूचा नकाशा मिळवला की असे प्रसंग मिळतात. तुमच्या कवीचं घर चाळीत होतं की वाड्यात, मैत्रीण आली की कुठे बसायची, स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीतलं बोलणं ऐकू यायचं का, एवढं कळलं तरी अर्धं काम झालं.

तिसरा प्रश्न परवानगीचा. इथे २००३चा 'सिल्व्हिया' बघा, सिल्व्हिया प्लाथ आणि टेड ह्यूज या कवी जोडप्यावरचा. दिग्दर्शिका क्रिस्टीन जेफ्स, प्रमुख भूमिकांत ग्वेनेथ पॅल्ट्रो आणि डॅनियल क्रेग. प्लाथची मुलगी फ्रीडा हिनं आईच्या कविता वापरू द्यायला ठाम नकार दिला, वर या सिनेमावर संतापून स्वतः एक कविता लिहिली. परिणाम असा की विसाव्या शतकातल्या एका मोठ्या कवयित्रीवरच्या सिनेमात तिची कविता जवळजवळ नाही. उरतं काय, तर एक दुःखी बाई, एक देखणा नवरा आणि तिच्या आत्महत्येची ११ फेब्रुवारी १९६३ची सकाळ. कविता काढून घेतली की प्लाथ कुठल्याही फसलेल्या लग्नातली बायको होते, आणि मुलीची भीती नेमकी हीच होती. मला फ्रीडाचं पटतं, जरी सिनेमावाली म्हणून तिचा रागही येतो.

या प्रकरणातही कागदाचा हिशेब मांडून बघा. २५ फेब्रुवारी १९५६ रोजी केंब्रिजमधल्या एका पार्टीत दोघं पहिल्यांदा भेटले आणि तिनं त्याच्या गालाचा रक्त येईपर्यंत चावा घेतला. तिनं ते लगेच डायरीत लिहिलं. त्यानं त्याच संध्याकाळवरची आपली कविता १९९८मध्ये पुस्तकातून आणली. तिची शेवटची डायरी आपण नष्ट केली हे ह्यूजनंच लिहून ठेवलं आहे. आणि या प्रकरणातली तिसरी व्यक्ती, ह्यूजची मैत्रीण असिया वेव्हिल? जाहिरातक्षेत्रात काम करणारी, हिब्रू कवी येहुदा आमिखाईच्या कवितांचे इंग्रजी अनुवाद करणारी ही बाई सिनेमात जवळपास फक्त 'ती दुसरी' म्हणून येते. तिचं लेखन एकत्र छापून यायला २०२१ साल उजाडलं. पटकथा लिहिली जात असताना ते हाताशी असतं तर वेगळा सिनेमा झाला असता, असं मला नेहमी वाटतं.

आपल्याकडचा कायदा मोघम सांगते, पुढचं वकिलाकडून करून घ्या. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं त्याच्या लेखनावर स्वामित्वहक्क राहतो. म्हणजे २००५ साली गेलेल्या अमृता प्रीतम यांचं लेखन २०६५ अखेरपर्यंत, आणि १९८०मध्ये गेलेल्या साहिर लुधियानवींच्या ओळी २०४० अखेरपर्यंत वारसांच्या किंवा ज्यांना हक्क दिलेत त्यांच्या परवानगीशिवाय वापरता येणार नाहीत. मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलेल्या मजकुराची साठ वर्षं छापल्यापासून मोजतात, आणि पत्रं बहुधा याच प्रकारात येतात. पत्राबाबत लोकांचा हटकून घोळ होतो: कागद ज्याला आला त्याचा, मजकूर ज्यानं लिहिला त्याचा. फॅनी ब्रॉनच्या मुलांनी कीट्सची पत्रं लिलावात काढली, त्यावर चिडून ऑस्कर वाइल्डनं सुनीतही लिहिलं. विकत घेणाऱ्याला मिळाला तो कागद. तेव्हा कथालेखिकेची मूळ पत्रं कवीच्या मुलांकडे असली तरी त्यांतल्या ओळी वापरायची परवानगी कथालेखिकेच्या वारसांकडे मागायची.

घडलेल्या घटनांवर कोणाची मालकी नसते. छापील आणि सार्वजनिक नोंदींच्या आधारानं लिहायला हरकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९४च्या राजगोपाल खटल्यात म्हटलंय. मात्र नोंदींपलीकडे खासगी आयुष्यात शिरलात तर प्रश्न येतो. शिवाय मृत व्यक्तीची बदनामी जवळच्या नातलगांच्या भावना दुखावण्याच्या हेतूनं केली तर तो आपल्याकडे फौजदारी गुन्हा ठरू शकतो. आधी भारतीय दंड संहितेत हे कलम ४९९ होतं, आता भारतीय न्याय संहितेत ३५६. व्यवहारात सांगायचं तर कवीच्या मुलांना आत्ताच भेटा. संहिता दाखवून परवानगी मागायला नको. आईबद्दल विचारायला जा. बापावर सिनेमा करायचाय म्हणून गेलात तर दार किलकिलं उघडेल. आईबद्दल विचारायला आलोय म्हटलंत तर माणसं बोलतात, ट्रंका उघडतात. तसं कोणी त्यांना आजवर विचारलेलं नसतं.

मराठीत या बाबतीत आपण तसे भाग्यवान आहोत. रेव्हरंड टिळकांबरोबरचा संसार लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त लिहिला आणि कवीपेक्षा कवीची बायको वाचकांच्या घराघरांत पोचली. सुनीताबाई देशपांड्यांनी १९९० साली 'आहे मनोहर तरी' लिहून पुलंच्या घराची दुसरी बाजू दाखवली, आणि कित्येक वाचक त्यांच्यावर रुसले. या दोन पुस्तकांतली घरातली वाक्यं ऐकून घ्या. कवीच्या पत्नीची भाषा तुम्हाला तिथे सापडेल. एक इशारा मात्र देते. सुनीताबाई आणि जी. ए. कुलकर्णी यांचा पत्रव्यवहार दोन्ही बाजूंनी छापलेला आहे, आणि दर काही काळानं कोणीतरी त्यात प्रेमकथा शोधायला निघतं. ती पत्रं दोन जबरदस्त वाचकांच्या मैत्रीची आहेत. तुमच्याही कथालेखिकेच्या पत्रांत नुसती मैत्री असलेले महिने असतील. ते तसेच ठेवा, प्रत्येक ओळीखाली ओढ शोधू नका.

कामाला बसताना तारखांची वही करा. एका बाजूला कवीनं आत्मकथनात काय म्हटलंय, शेजारी कथालेखिकेच्या त्याच महिन्यातल्या पत्रात काय आहे, आणि तिसऱ्या रकान्यात कोणाचंही लेखन नसलेले पुरावे: शाळेचा दाखला, बदलीचा हुकूम, दवाखान्याची चिठ्ठी, मासिकाचा अंक, लग्नपत्रिका. आत्मकथनात 'त्या पावसाळ्यात आम्ही भेटलो' असं असतं आणि बदलीचा हुकूम सांगतो की त्या पावसाळ्यात कवी विदर्भात होता. अशा फटी सापडल्या की वैतागू नका. खोटं कुठे बोलावंसं वाटलं हे कळलं म्हणजे पात्र कळलं. निवेदकाचा आवाज वापरणारच असाल तर या फटींवरच वापरा: आवाज एक सांगतोय, पडद्यावर दुसरं दिसतंय. एरवी तो काढून टाका.

तुम्ही पाठवलेल्या आराखड्यात पत्नीला हे प्रकरण कळतं ते शेजारीण येऊन सांगते म्हणून. ते बदला. तुम्हीच लिहिलंय की कवीच्या संग्रहांची मुद्रितं, म्हणजे प्रूफं, घरी तपासली जायची. खिळे जुळवून छपाई व्हायची तेव्हा मुद्रितं तपासायला दोन माणसं बसायची; एकानं हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं, विरामचिन्हांसकट, आणि दुसऱ्यानं गॅलीवर, म्हणजे छापखान्याच्या कच्च्या प्रतीवर, खुणा करायच्या. पत्नीला हस्तलिखित द्या. ती वाचते आहे, ‘तुझ्या गावची वाट स्वल्पविराम’, ‘ओली अजून उद्गारचिन्ह’, सरावाच्या एकसुरी आवाजात. (ओळी मी आत्ता रचल्या, तुम्ही कवीच्या घ्या, हक्क मिळाल्यावर.) चौथ्या-पाचव्या कवितेला तिच्या ध्यानात येतं की या वाटेवर तिला कधी नेलेलं नाही. ती थांबत नाही, कारण उद्या छापखान्याचा माणूस येणार आहे. फक्त विरामचिन्हं सांगायची राहून जायला लागतात. नवरा मान वर न करता विचारतो, 'इथे काय, पूर्णविराम?' त्याला अजून कळलेलं नाही की तिला कळलंय. प्रेक्षकाला दोन्ही कळलंय.

हा प्रसंग मध्यंतराच्या बराच आधी ठेवा, म्हणजे पुढच्या प्रत्येक संग्रहाची मुद्रितं कोण वाचतं याला अर्थ येईल. दुसऱ्या संग्रहाच्या वेळी ती डोळे दुखतात म्हणून बसणारच नाही, आणि कवीला हस्तलिखित वाचून दाखवायला कथालेखिकेला बोलवावं लागेल. तिथून पुढे तुमचा आराखडा ठीक चालतो. शेवटचे तीन प्रसंग मात्र कवीच्या आजारपणाचे आहेत, त्यातले दोन काढा.